आवडता डाव आणि कामाला येणारा डाव

ठाण्याच्या एका वडिलांचा प्रश्न आहे. स्वतःचं वय 41, मुलगी 13 वर्षांची, क्लासहून घरी यायला तिला रात्रीचे साडेआठ होतात. त्यांनी विचारलंय: तुमचा आवडता डाव कोणता? रस्त्यावर प्रसंग आला तर तो खरंच चालतो का? मुलीला ज्युदोला घालू की कराटेला? आणि या वयात मलाही काही जमेल का?

पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरं एकमेकांशी जुळत नाहीत, म्हणून जरा लांबण लावते.

आधी माझं सांगते. आजोबा सांगलीकडच्या एका गावात तालमीचे वस्ताद होते. तालमीत पोरींना प्रवेश नव्हता. हौद्यात, म्हणजे कुस्तीच्या मातीत तर सोडाच, उंबऱ्याच्या आतही नाही. ताक, हळद, लिंबू घालून मळलेल्या तांबड्या मातीचा वास दारातून यायचा आणि मी पायरीवर बसून बघायचे. डाव शिकले ते चुलतभावाकडून, कडब्याच्या गंजीमागे, चोरून. 1990 साली तालुक्याच्या शाळेत ज्युदो सुरू झालं आणि तिथे मॅटवर पोरींना बंदी नव्हती, एवढ्या एका कारणासाठी मी ज्युदोत गेले. तेव्हा 12 वर्षांची होते. ऑलिंपिकमध्ये बायकांच्या ज्युदोला पदकं 1992 पासून, बार्सिलोनापासून मिळायला लागली. पुरुषांची 1964 पासून होती. पुण्यात शिकवायला लागून आता पंचविसेक वर्षं झाली.

आवडता डाव विचाराल तर बाहेरली टांग. ज्युदोत तिला ओसोतो-गारी म्हणतात. ओ म्हणजे मोठं, सोतो म्हणजे बाहेरून, गारी म्हणजे कापणी, विळ्यानं पीक कापतात तशी. नाव इतकं चपखल आहे की शिकवताना मी अर्ध्या गोष्टी नावातूनच सांगते. समोरच्याची उजवी बाही तुमच्या डाव्या हातात, तुमचा उजवा हात त्याच्या कॉलरला. डावा पाय त्याच्या उजव्या पायाशेजारी, बाहेरच्या अंगाला टाकायचा. पोरं इथेच चुकतात. पाय हातभर लांब टाकतात आणि मग वाकून टांग मारायला जातात. छातीला छाती भिडली पाहिजे. डावा हात बाही खाली, स्वतःच्या कमरेकडे ओढतो, उजवा त्याला मागे, त्याच्या उजव्या टाचेवर झुकवतो. त्या टाचेवर त्याचं सगळं वजन आलं की तो पाय जमिनीला खिळतो, त्याला तो उचलताच येत नाही. मग तुमचा उजवा पाय पुढे जाऊन मागे येतो आणि त्याच्या मांडीला मागून कापतो. डाव बरोबर लागला तर जोर लागतच नाही. जोर लागतोय असं वाटलं, तर आधीचं काहीतरी चुकलंय.

आजोबा म्हणायचे, "खांब हलवल्याशिवाय उपटत नाही गं." तोल काढण्याला ज्युदोत कुझुशी म्हणतात आणि आठ दिशांनी तोल कसा काढायचा याचा वेगळा सराव असतो. ज्युदोचे जनक जिगोरो कानो यांनी 1882 साली तोक्योतल्या एका देवळात, बारा ताताम्यांच्या (गवती चटयांच्या) जागेत कोदोकान ही आपली शाळा सुरू केली. जुजुत्सू या जुन्या जपानी झटापटीच्या विद्येतले जीवघेणे प्रकार बाजूला काढून, पूर्ण ताकदीनं सराव करता येईल असे डाव त्यांनी ठेवले. हे शेवटचं वाक्य लक्षात ठेवा, पुढे लागेल.

आता हा माझा लाडका डाव रस्त्यावर चालतो का? चालतो. आणि म्हणूनच मला त्याची भीती वाटते.

ओसोतो-गारीत माणूस सरळ पाठीवर जातो आणि पडता येत नसेल तर डोक्याची मागची बाजू आपटते. जपानमध्ये 1983 नंतरच्या साधारण तीस वर्षांत शाळांमधल्या ज्युदोत शंभराहून जास्त मुलं दगावली. त्यातली बरीचशी डोक्याला मार लागून, आणि त्या चर्चेत या डावाचं नाव पुन्हा पुन्हा आलं. ती मुलं मॅटवर होती, शिक्षक समोर होते. तुमच्यासमोर डांबरी रस्ता आणि फुटपाथची कड असेल, आणि समोरचा बहुतेक वेळा प्यायलेला असेल. त्याला पडता येत नाही, त्याचे हात सावरायला येत नाहीत. एका सेकंदात छेडछाडीच्या प्रसंगाचा मृत्यूचा प्रसंग होऊ शकतो.

कायदा तुमच्या बाजूचा आहे, पण मोजून. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत कलम 34 ते 44 स्वतःच्या बचावाच्या हक्काबद्दल आहेत (जुन्या भादंविमध्ये 96 ते 106). बलात्कार, अपहरण, ॲसिडहल्ला किंवा जिवावर बेतणारा हल्ला असेल तर हा हक्क हल्लेखोराचा जीव जाण्यापर्यंत पोचतो. पण बचावापुरती इजा, त्याहून जास्त नाही, हेही कलम 37 मध्ये स्पष्ट आहे. माणूस खाली पडला, धोका संपला, आणि त्यानंतर रागाच्या भरात तुम्ही एक लाथ घातली, तर ती लाथ बचावात बसत नाही. मोठ्या मुलींना मी हे पहिल्या आठवड्यातच सांगते. त्यांना ते आवडत नाही.

माझ्यावर प्रसंग एकदाच आला. 1997 साल, मी 19 वर्षांची, राज्य स्पर्धेत पदक मिळवून झालेलं. एका एस.टी. स्टँडवर रात्री शेवटच्या गाडीची वाट बघत होते. एक माणूस बराच वेळ घुटमळत होता, मग येऊन त्यानं मनगट धरलं. पुढचे दोन-तीन सेकंद मी काहीही केलं नाही. सात वर्षांचा सराव, तीनशे-चारशे वेळा रोज मारलेली टांग, सगळं कुठेतरी गेलं. आवाजही फुटला नाही. फुटलं काय, तर पाय. डावा पाय आपोआप त्याच्या शेजारी पडला, मनगट अंगठ्याच्या बाजूनं सुटलं, खांदा त्याच्या छातीला लागला आणि तो मागच्या बाकड्यावर बसला. बसलाच नुसता, पडला नाही. मी कँटीनकडे पळाले. पिशवी तिथेच राहिली. कँटीनमधल्या मावशींनी पाणी दिलं तेव्हा पेला दातांवर वाजत होता.

घरी हा किस्सा सांगितला की लोकांना वाटतं मी काहीतरी लपवतेय, नक्की धोबीपछाड घातला असणार. नाही घातला. घाबरल्यावर शरीरात जे होतं त्यात बोटांची नाजूक कामं जमत नाहीत, नजर बोगद्यातून बघितल्यासारखी अरुंद होते, ऐकू कमी येतं. तीन टप्प्यांत मनगट पिरगाळून माणसाला गुडघ्यावर आणायचं वगैरे प्रकार तेव्हा विसरा. मोठे स्नायू, मोठी हालचाल, हजारदा केलेली, तीच येते. म्हणून रस्त्यासाठी मी चार-पाच गोष्टींच्या वर काही शिकवत नाही.

त्यातली पहिली मारामारीतली नाहीच. पडायला शिकणं. ज्युदोत उकेमी. आमच्याकडे पहिला महिनाभर पोरं फक्त पडतात आणि पालक विचारतात, "मॅडम, डाव कधी शिकवणार?" उकिडवं बसून मागे लोळायचं, मग उभ्यानं, मग बाजूला, मग खांद्यावरून गोलांटी. हनुवटी छातीला, नजर स्वतःच्या पट्ट्याच्या गाठीवर, श्वास बाहेर, हात अंगापासून थोडा लांब आणि तळवा खाली. मी दिवसातून शंभरदा "हनुवटी छातीला" म्हणते; पोरं माझी नक्कल करतात ती याच दोन शब्दांची.

पडताना माणसाचा हात आपोआप पुढे जातो आणि मनगट मोडतं. वर्गात हे पाहिलंय, घरात पाहिलंय. ती सवय मोडायला महिना लागतो, कधी दोन. 2011 च्या पावसाळ्यात खडीवरून माझी स्कूटर घसरली. मी खांद्यावरून लोळले, कोपर सोलवटलं, रेनकोट फाटला, हेल्मेटला चरा. मनगटं शाबूत. तीस-पस्तीस वर्षांत उकेमी किती वेळा कामाला आली ते मोजलं नाही, टांग एकदाच आली आणि तीही अर्धी. तेव्हा मुलीला वर्षभर ज्युदोला घालून फक्त पडणं आलं तरी फी वसूल झाली असं समजा. (मॅटवर आपण हात जोरात आपटतो. डांबरावर तसा आपटायचा नाही, तिथे गोलांटीच बरी. हे वेगळं शिकवायला लागतं आणि बरेच जण शिकवायचं विसरतात.)

दुसरी गोष्ट, मनगट सोडवणं. मुलींच्या बाबतीत सुरुवात बहुतेक वेळा धरण्यातूनच होते: मनगट, दंड, केस, ओढणी. ठोसा नंतर, आला तर. मुठीत चार बोटं एकीकडे आणि अंगठा एकीकडे असतो, दोन्हींच्या मधे फट. तुमच्या मनगटाची अरुंद कड त्या फटीसमोर आणायची आणि तिथून बाहेर काढायची. एवढं सगळेच सांगतात. सांगत नाहीत ते हे की हात ओढून काढायचा नाही. ओढलंत की त्याची ताकद विरुद्ध तुमच्या दंडाची ताकद, आणि तेरा वर्षांची मुलगी तिथे हरणार. तिनं पाऊल त्याच्याकडे टाकायचं आणि आपलं कोपर त्याच्या कोपराकडे न्यायचं. त्याला वाटतं ही पळणार, आणि ही तर जवळ येते. मूठ तिथेच सैल पडते. दोन हातांनी धरलं असेल तर दुसऱ्या हातानं स्वतःचीच मूठ धरून वर उपसायची.

एक चूक वर्गातच होते. मुलगी हात सोडवते, जोडीदार हसून थांबतो, दोघी पुन्हा जागेवर. रस्त्यावर तो थांबत नाही, पुन्हा धरतो. म्हणून माझ्याकडे जोडीदारानं तीनदा धरायचंच असा नियम आहे, आणि हात सुटल्यावर मुलीनं दारापर्यंत पळत जाऊन दाराला हात लावायचा. दाराच्या फळीवर आता हातांचे काळपट डाग पडलेत.

पळताना ओरडायचं. वाटतं तितकं ते सोपं नाही. नव्या मुली पहिल्यांदा ओरडायला सांगितलं की हसतात, ओढणी तोंडाला लावतात, एखादी "वाचवा" असं पुटपुटते. मी त्यांना शब्दच देते: "ओ, हात सोडा! मी यांना ओळखत नाही!" दुसरं वाक्य महत्त्वाचं. बघणारे लोक बरेचदा घरगुती भांडण समजून मान फिरवतात. आणि गर्दीकडे नाही, एका माणसाकडे बोट करायचं: "ओ निळा शर्टवाले काका, इकडे या, 112 ला फोन लावा." नाव-रंग घेऊन बोलावलं की माणूस हलतो.

केस धरले तर? दोन्ही हातांनी त्याचा हात स्वतःच्या डोक्यावर दाबून धरायचा, म्हणजे ओढ मुळांवर येत नाही, हनुवटी छातीला, आणि वळून त्याच्या अंगाशी शिरायचं. मागून गळा आवळला तर? पुन्हा हनुवटी छातीला, दोन्ही हात त्याच्या कोपराच्या घडीत अडकवून खाली ओढायचं, कंबर खाली टाकायची आणि त्याच्या कोपराच्या बाजूला वळायचं. इथे वेळ फार कमी असतो. ज्युदोत हाच प्रकार हादाका-जिमे नावानं शिकवतात. मानेच्या दोन्ही बाजूंच्या रक्तवाहिन्या नीट दाबल्या गेल्या तर दहाएक सेकंदांत शुद्ध जाते. मॅटवर जोडीदाराला दोन थापा मारल्या की तो सोडतो, रस्त्यावर थापा चालत नाहीत. लहान मुलांना मी गळ्याचे डाव शिकवतच नाही, सुटका मात्र सगळ्यांना शिकवते. पडणं, केस, गळा, तिन्हीकडे हनुवटीची सवय एकच आहे हे मला स्वतःलाही शिकवायला लागल्यावर दहाएक वर्षांनी लक्षात आलं.

मारायचंच असेल तर मूठ नाही. सरावाशिवाय मारलेल्या ठोशानं करंगळीच्या मागचं हाड मोडतं, समोरच्याच्या कवटीला काही होत नाही. तळहाताचा खालचा जाड भाग वापरायचा, मनगट मागे वाकवून, हनुवटीखाली किंवा नाकावर. कराटेत त्याला शोतेई म्हणतात. शेजारच्या हॉलमधल्या कराटेच्या सरांकडून मी तो शिकले आणि आता माझ्या मुलींना शिकवते. त्याच्या जोडीला कोपर आणि टाच. "दोन पायांच्या मधे लाथ घाल" हा सल्ला प्रत्येक मावशी देते. लागली तर बरंच आहे, पण तिथे वार येतोय म्हटल्यावर पुरुष नकळत मांड्या आवळतो, मागे सरकतो, आणि एका पायावर उभी असलेली मुलगी पडते. नडगीवर बुटाची कड, पावलावर टाच, हे जास्त भरवशाचं.

कपड्यांचं एक सांगते, कारण ज्युदोवाले इथे स्वतःला फसवतात. आमचे सगळे डाव जाड सुती ज्युदोगीवर, म्हणजे ज्युदोच्या पोशाखावर बसलेले. बाही धर, कॉलर धर. एप्रिल-मेमध्ये ठाण्यात कोण जाड बाह्या घालून फिरतं? टी-शर्ट ताणला जातो नाहीतर फाटतो आणि हातात चिंधी राहते. तिथे मला आजोबांची तालीम आठवते. पैलवानाच्या अंगावर लंगोट, बाकी घाम आणि माती. पकड असते ती मानेवर, दंडावर, मनगटावर, कंबरेला. मी आता टांग शिकवते ती जपानी पायाची आणि कोल्हापुरी हाताची: एक हात मानेमागे, दुसरा कोपराच्या वर दंडाला. खाशाबा जाधवांचा हुकमी डाव ढाक होता, मानेत हात घालून फेकायचा. 1952 च्या हेलसिंकी ऑलिंपिकमधलं कांस्य आणलेल्या माणसाला कॉलरची गरज नव्हती. पट काढणं म्हणजे पायाला मिठी मारून उचलणंही ज्युदोत होतं, पण 2010 पासून नियम बदलत गेले आणि 2013 पर्यंत स्पर्धेत कंबरेखाली हात लावणं बंदच झालं. परिणाम असा की आजच्या ज्युदोच्या पोराला कुणी कंबरेत डोकं घालून धडकलं तर काय करायचं ते सुचत नाही. तालमीतला दहा वर्षांचा पोरगा पाय मागे फेकून त्याच्या पाठीवर वजन टाकतो. दारूड्यांच्या झटापटी नेमक्या अशाच, कंबरेला मिठी मारून होतात.

म्हणून महिन्यातून एकदा आमचा वर्ग घरच्या कपड्यांत असतो. जीन्स, लेगिंग, चप्पल, पाठीला दप्तर. ओढणी असेल तर तीही. गळ्याभोवती गुंडाळलेली ओढणी म्हणजे हल्लेखोराच्या हातात दिलेला दोर, हे एकदा स्वतः अनुभवलं की मुली ती वेगळ्या पद्धतीनं घ्यायला लागतात.

आता चाकू. याबद्दल नेटवर जे दाखवतात त्यातलं जवळपास काहीही करू नका. गेल्या दिवाळीच्या सुट्टीत मोठ्या गटातल्या एका मुलाला, ब्राऊन बेल्ट, चपळ, स्वतःवर चांगलाच भरवसा असलेला, पांढरी जुनी बनियन घालायला लावली. दुसऱ्या मुलाच्या हातात लाल स्केचपेन दिलं. वीस सेकंद, चाकू हिसकावून घे. वीस सेकंदांनी त्यानं पेन हिसकावलंसुद्धा आणि विजयानं वर धरलं. मग आम्ही बनियनवरच्या रेघा मोजल्या. अकरा. पोटावर चार, काखेत एक, मानेच्या बाजूला कातडीवर एक. तो बराच वेळ आरशासमोर उभा होता. त्यानंतर कुणी मला चाकूचे डाव शिकवा म्हणून म्हटलेलं नाही.

चाकू दिसला तर मोबाइल द्या, पाकीट द्या, चेन द्या, आणि जमलं तर वस्तू लांब फेकून उलट्या दिशेला पळा. पळता येत नसेल तर खुर्ची, दप्तर, स्कूटर, जे असेल ते मधे आणा. मोटरसायकलवरून चेन किंवा पर्स ओढली तर धरून ठेवायची नाही, माणूस फरफटत जातो. मंगळसूत्र असेल तर हे मनाला पटायला जड जातं, मला कल्पना आहे.

खाली पडल्यावर कसं उठायचं हेही शिकावं लागतं. पाय हल्लेखोराकडे, एक हात मागे टेकवलेला, दुसरा तोंडासमोर, एका पायानं त्याला लांब ठेवायचं आणि कंबर मागे सरकवून उभं राहायचं; पाठ दाखवून गुडघ्यांवर उठायला जायचं नाही. हा प्रकार मी ब्राझिलियन जिउ-जित्सूवाल्यांकडून घेतला. त्यांची विद्या तरी आली कुठून? कानोंचा विद्यार्थी मित्सुयो माएदा 1914 मध्ये ब्राझीलला पोचला आणि त्यानं ग्रेसी घराण्यातल्या पोराला शिकवलं, तिथून. आपल्याकडेही ज्युदो तसं जुनंच आहे. रवींद्रनाथांनी 1905 मध्ये शांतिनिकेतनात सानो नावाचे जपानी शिक्षक आणले होते आणि 1929 मध्ये ताकागाकी नावाचे दुसरे शिक्षक आले.

ज्युदो की कराटे, तर माझं उत्तर अर्थातच पक्षपाती. तरी सांगते. नावापेक्षा तिथे रोज काय चालतं ते बघा. मघाशी कानोंबद्दल म्हटलं ते इथे लागतं: पूर्ण ताकदीनं सराव करता येईल असेच डाव त्यांनी ठेवले. जोडीदार खरोखर विरोध करतोय, पडायचं नाही म्हणून झटतोय, अशा सरावाला ज्युदोत रांदोरी म्हणतात. कुस्तीत ते रोजचंच, बॉक्सिंगमध्ये आहे, चांगल्या कराटे क्लासमध्येही असतं. जिथे वर्षभर हवेत ठोसे, रांगेत काता (ठरलेल्या हालचालींची मालिका) आणि दर तीन महिन्यांनी पट्ट्याची परीक्षा आणि फी एवढंच आहे, तिथे मुलगी तंदुरुस्त होईल, शिस्त लागेल, पण कुणी खरोखर धरलं तर अंग गोठेल. माझं गोठलं होतं, आणि मी तर सात वर्षं रांदोरी केलेली होती.

क्लास निवडताना एकदा न सांगता जाऊन कोपऱ्यात बसा. पालकांना बसू देत नसतील तर तिथूनच परत या. मॅट आहे की नुसती सतरंजी? नवीन मुलाला पहिल्याच आठवड्यात कुणी जोरात फेकतंय का? डोकं आपटलेल्या मुलाला "काही नाही, उठ" म्हणतात की बाजूला बसवून लक्ष ठेवतात? हात लावून शिकवताना शिक्षक मुलीला आधी सांगतात का? एक दिवसाची कार्यशाळा करून "आता तू निर्भय" असं प्रमाणपत्र देणाऱ्यांकडे मी स्वतः तीनदा शिकवायला गेले आहे. दोन तासांत दोनशे मुली, माईकवरून. आता जात नाही. तिसऱ्या वेळी एक मुलगी येऊन म्हणाली, "मॅडम, आता मी त्याला धडा शिकवते." कुणाला, ते तिनं सांगितलं नाही, आणि मला त्या रात्री झोप लागली नाही.

राहिला तुमचा प्रश्न. 41 म्हणजे काही वय नाही. माझ्या सकाळच्या गटात पंचावन्नचे एक बँकेतले काका आहेत, टांग मारत नाहीत, पण पडतात सुंदर. तुम्ही मुलीबरोबरच या, आठवड्यातून तीन दिवस जमलं तर उत्तम, दोन चालतील. पहिले सहा आठवडे मान आणि मांड्या दुखतील. जिना उतरताना कठड्याला धरावं लागेल. गुडघ्याचं किंवा पाठीचं जुनं दुखणं असेल तर पहिल्याच दिवशी सांगा, लाजून बैठका मारत बसू नका. ठाण्यात कुठेही जा, पण घरी एक करा: तिनं तुमचं मनगट धरायचं, तुम्ही तिचं, आलटून पालटून, तीन-तीनदा, आणि सोडवल्यावर दारापर्यंत पळायचं. बापानं जोरात धरलं पाहिजे. हळू धरलंत तर ती हळूच सोडवायला शिकेल.

पहिल्या दिवशी तिची नखं कापून पाठवा, कानातले घरी काढून ठेवायला सांगा, केसांना पिन नको, रबर चालेल. पाण्याची बाटली मोठी.